गाडी चालू ठेवून

१

शुक्रवारी शेवटचा तास संपला की हेमांगीची खरी परीक्षा सुरू व्हायची. पाळणाघरातून ठमीला उचलायचं, तिची पिशवी, पाण्याची बाटली आणि एका कानाचा ससा मागच्या सीटवर कोंबायचा, अडीच वर्षांच्या त्या वळवळत्या जिवाला डावीकडच्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी आवळायचं आणि मग गाडीची मनधरणी करायची. जळगाव ते धुळे. नवरा धुळ्याच्या एमआयडीसीत, ही जळगावात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणारी. दोघांना एका गावात नोकरी मिळेपर्यंत संसार असा रस्त्यावरच चालायचा होता. एसटीत बसवलं की ठमी पारोळ्याच्या आत ओकायची. म्हणून स्वप्नीलने ही गाडी आणली. डिझेलची, जुनी, तिसऱ्या हाताची.

चावी अर्धी फिरवली की समोर वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा लागे. डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबून तापवली की ते आपोआप पेट घेतं. फक्त इंजिन गार असेल तर आधी आतून थोडी ऊब द्यावी लागते. तो दिवा त्या उबेचा. तो विझला की मगच स्टार्टर मारायचा. या गाडीत कुठलासा रिले अडकला होता, त्यामुळे इंजिन रसरसलेलं असलं तरी दिवा आपला पुरता वेळ घ्यायचाच. तापल्या इंजिनाला थांबायची गरज नसते हे हेमांगी अकरावीच्या पोरांना फळ्यावर सिद्ध करून दाखवू शकली असती. पण एकदा घाई केली आणि गाडी भर चौकात रुसली, तेव्हापासून ती गुमान थांबायची.

सुरू झाली की मात्र अख्ख्या कॉलनीला कळायचं. बेल्ट किंचाळायचा. मागचं उजवं चाक घुमायचं. इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं, मेकॅनिक लोक ज्याला फाउंडेशन म्हणतात, ती रबरं चेपून दगड झाली होती. त्यामुळे उभ्या गाडीतही आरशातलं जग पाण्यातल्यासारखं हलायचं आणि ड्रायव्हरच्या पाठीला सीटमधून सारखे बारीक धक्के बसायचे, कुणी लहान पायांनी ढोसावं तसे.

आणि या सगळ्या गदारोळात ठमी झोपायची. फक्त याच गदारोळात. घरी मांडीवर, झोळीत, खांद्यावर, कुठेच न टेकणारी पोर गाडी पाळधीला पोचायच्या आत मान टाकायची. हेमांगीचा डावा हात मग गिअर सोडला की मागे जायचा आणि ठमीचं पाऊल चाचपायचा. ठमी वेळेआधी जन्मलेली. पहिले काही दिवस काचेच्या पेटीत होती, आणि दोनदा तिचा श्वास थांबला होता. तेव्हापासून हेमांगी त्या श्वासावर पहारा देत होती. आत घेताना नाकात बारीक शिट्टी, सोडताना काही नाही. शंभर पोरांत तिने तो ओळखला असता.

धुळ्याला घरासमोर पोचल्यावर ती गाडी बंद करायची नाही. बंद केली की दुसऱ्या क्षणाला मागून रडं फुटायचं. ही पाठमोरी असायची. उतरून मागचं दार उघडेपर्यंत ठमी डोळे चोळत बसलेली दिसायची आणि पुढचे दोन तास कुणाचेच नसायचे. म्हणून गाडी चालू ठेवून, लिंबाखाली, स्टिअरिंगवर डोकं टेकून ती बसून राहायची. तेवढीच तिचीही झोप.

सासूबाई, कुंदाबाई, ओट्यावरून ओरडायच्या, "बंद कर ना वं माय ती गाडी! दुपारनी येळ शे, बठ्ठी गल्ली उठी बसनी!"

"ठमी झोपलीय आई. पाच मिनिटं."

"आम्ही काय पोरं झोपाडली नहीत का? गाडी नव्हती तं आमनी पोरं जागीच ऱ्हायनीत?"

२

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी एरंडोलच्या अलीकडे गाडीने काळा धूर ओकला, दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला मान टाकली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. हेमांगीने ठमीला कडेवर घेतलं, ओढणी तिच्या डोक्यावर टाकली आणि मनातल्या मनात नेहमीचा खटला उभा केला: आरोपी आई, गुन्हा जुनाच, उन्हात लेकरू. केळी उतरवून परतणाऱ्या एका पिकअपवाल्याने गाडीला दोर बांधला आणि त्यांना ओढत पाळधी रोडला उखर्डू नानांच्या गॅरेजपर्यंत आणून सोडलं.

उखर्डू नाना म्हणजे पांढऱ्या मिश्या, एका कानाने बहिरे आणि निदानाच्या बाबतीत भलतेच उतावळे.

"गाडीले काय व्हयनं ताई? काही सांगू नका. नोझल गेलं."

नोझल गेलं नव्हतं. मग ते म्हणाले फिल्टर. फिल्टर खरोखरच काळा ठिक्कर निघाला, तो बदलला. गाडी सुरू झाली, खोकली, बंद पडली. मग नाना स्वतःवरच चिडून डिझेलच्या नळीवर बोट फिरवत राहिले. शेवटी हेमांगीच म्हणाली, "नळीतून हवा ओढत नाहीये ना?" रबरी नळीला केसाएवढी चीर होती. नानांनी ती बदलली आणि फिल्टरवरचा हातपंप दाबायला घेतला. आधी तो मऊ लागतो, फुसफुसतो; आतली हवा निघून गेली की कडक होतो. ठमी ते तल्लीन होऊन बघत होती.

"पाहा, आता हिचा श्वास बराबर झाला," नाना म्हणाले. मग, स्वतःची चूक झाकायला असेल, त्यांनी बेल्टही नवा टाकून दिला. "ती किंचाळी आमच्याकडून बंद."

पुन्हा धुळ्याच्या वाटेला लागल्यावर गाडीतून एक आवाज कमी झाला होता. हेमांगीला एकदम हुशार वाटलं. असं वाटायचे दिवस तसे कमीच येत. जिवंत माणसाचं निदान डॉक्टरांवर सोडावं लागतं, यंत्राचं आपणही करू शकतो. तिने ठरवलं की एकेक करून सगळे आवाज काढायचे.

मागे ठमी अजून जागी होती. आरशात दिसलं, ती पाण्याची बाटली उजव्या हाताने पुढे धरून बसली होती. पुढे म्हणजे समोर नाही. बाजूला, रिकाम्या सीटकडे.

"घे," ती म्हणत होती. "घे ना."

३

पुढच्या खेपेला मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि घुमणं थांबलं. आता रस्त्यावर खिडकीबाहेरचा वारा ऐकू यायला लागला, ठमीच्या सशातली घुंगरंही. आणि त्याखाली आणखी काहीतरी.

आधी ते तिला गाडी उभी असतानाच ऐकू आलं, धुळ्याला लिंबाखाली. स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं, इंजिन आपलं थडथडतंय, पाठीला सीटमधून धक्के बसतायत आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक श्वास. संथ, किंचित ओलसर, लहान मुलाचा. हेमांगीने समाधानाने ऐकला. झोपली बाई. मग तिच्या लक्षात आलं की त्याला शिट्टी नाही.

ती ताडकन वळली. ठमी जागी होती. मुठीत मुरमुरे होते, एकेक तोंडात टाकत ती खिडकीतून बाहेर बघत होती. श्वास चालूच होता.

एसी, हेमांगीने स्वतःला सांगितलं. तिने एसी बंद केला. पंखा बंद केला. श्वास चालू. इंजिनालाही एक श्वासाची नळी असते, आतली वाफ बाहेर सोडायला. ती तुंबली की फुसफुसते. अर्थात तीच. शिकलेल्या बाईने आणखी काय समजायचं? ती उतरली, बॉनेट उघडलं. तिथे थडथड होती, उष्णता होती, फुसफुस नव्हती. परत आत बसली, दार लावलं. होती.

"ठमी, तुला काही ऐकू येतंय?"

ठमीने मुरमुऱ्यांच्या मुठीतून एक बोट मोकळं केलं आणि ओठांवर ठेवलं. ही खूण तिला हेमांगीनेच शिकवली होती. कुणी झोपलेलं असलं की करायची.

त्या दिवशी नंतर ठमीही झोपली, आणि उठेना. गालाला पाणी लावलं, तळवे चोळले, तेव्हा कुठे जड डोळ्यांनी आईकडे बघितलं. जणू लांबून कुठून तरी परत येत होती. मग दर शुक्रवारी तसंच. झोप खोल, अंग गार, जाग उशिरा. डॉक्टर म्हणाले, वजन चांगलं आहे, रक्त चांगलं आहे, उन्हाचा थकवा असेल. आणि चष्म्यावरून हेमांगीकडे बघत म्हणाले, "तुमची झोप होते का?"

तिची झोप! जगातल्या प्रत्येक माणसाला तिच्या काळजीचं निदान तिच्या झोपेत सापडायचं.

४

धूर. हे तिला रात्री सुचलं नाही, चांगलं भर वर्गात, उष्मा-इंजिनाची आकृती काढताना सुचलं, आणि खडू हातात तसाच राहिला. सायलेन्सर कुठे फुटला असेल, उभ्या गाडीत धूर खालून आत येत असेल आणि ती स्वतः लेकीला त्यात तासतासभर झोपवत असेल. त्या आठवड्यात ती शुक्रवारची वाट न बघता गाडी घेऊन नानांकडे गेली.

नानांनी गाडी उचलून घेतली, खाली शिरले, टॉर्च फिरवला.

"सायलेन्सर बराबर शे."

"नीट बघा नाना. मागच्या सीटखाली."

बराच वेळ खालून नुसता खुडखुड आवाज येत राहिला. मग त्यांनी तिलाच वाकून बघायला सांगितलं. मागच्या उजव्या सीटच्या बरोबर खाली, गाडीच्या तळाला पत्र्याचं एक ठिगळ होतं. जुनं. त्याच्या चारही कडा वितळवून, घासून, त्यावर काळा रंग आणि त्यावर डांबर, पुन्हा रंग, असे थर चढवलेले. एका ठिगळासाठी कुणी एवढं करत नाही.

"कधीकाळी इथून धूर आत येत असेल," नाना म्हणाले. "पण आता मुंगी जाणार नाही. कुणीतरी लईच मन लावून बुजवलंय."

"कुणी?"

"हा गुरुजींचा उद्योग असेल. यावलचे होते. पहिली मालकी त्यांची. इंजिनाच्या कामाला माझ्याकडेच यायचे." नाना कपड्याला हात पुसत हसले. "वल्ली माणूस. गाडी कधी बंदच करायचे नाहीत. मी म्हणायचो, गुरुजी, तेल बदलायचंय, चालू गाडीचं कसं बदलू? मग नाइलाजाने चावी काढून मला द्यायचे, आणि पार तिकडे, त्या बाभळीपाशी जाऊन उभे राहायचे. दोन्ही कानांवर हात ठेवून."

हेमांगीने बाभळीकडे बघितलं. रस्त्यापलीकडे होती.

"का?"

"आवाजाचा तरास असेल."

"पण नाना, गाडी तर बंद असायची ना तेव्हा?"

नानांनी आपल्या बहिऱ्या कानावर टिचकी मारली. "आपल्याला काय, चालू काय नि बंद काय. सारखंच. हां, एक शे. फाउंडेशनची रबरं बदलू द्यायचे नाहीत. मी कितीदा सांगितलं, गाडी हादरे मारते. तर म्हणायचे, असू द्या, हादरे असू द्या, तेवढंच बरं असतं."

"त्यांच्या घरी लहान मूल होतं का?"

"ते काय माहीत ताई. एकटेच यायचे." नाना ठिगळावर बोट फिरवत होते. "बदलायची का मग रबरं? नवीन आहेत माझ्याकडे. मग पाहा, कशी चालते. पोटातलं पाणी हलणार नाही."

आता हेमांगी कॉलेजात शिकवते, कारण नसलेल्या गोष्टी तिला चालत नाहीत, आणि शिवाय स्वप्नील दर आठवड्याला पाठ दुखते म्हणून त्याच रबरांच्या नावाने शंख करायचा. धूर नव्हता. म्हणजे एक काळजी गेली. राहता राहिले आवाज. आणि सगळे आवाज काढल्याशिवाय तो एक आवाज कुठून येतो हे कळणार नव्हतं. निदानाची हीच तर पद्धत आहे.

"बदला," ती म्हणाली.

५

शुक्रवारी गाडी अशी चालली की हेमांगीला दुसऱ्याचीच गाडी आणल्यासारखं वाटलं. आरसा स्थिर. स्टिअरिंग स्थिर. एरंडोल गेलं, पारोळ्याचा किल्ला उजवीकडे उन्हात भाजत मागे पडला. कापसाची रिकामी रानं, मधेच एखादी पवनचक्की, समोर पाण्यासारखा थरथरणारा रस्ता. ठमीने केव्हाच मान टाकली होती.

आता गाडीत दोन श्वास होते.

एक शिट्टीचा. तो डावीकडून. दुसरा त्याच्या किंचित मागून, उजवीकडून, म्हणजे नेमका तिच्या पाठीमागून. शिट्टी वाजायची आणि ती विरेपर्यंत दुसरा सुरू व्हायचा. पहिल्याची वाट बघून, त्याच्याकडून शिकत असल्यासारखा.

हेमांगीचा डावा हात मागे गेला. ठमीचं पाऊल, घोट्यातला काळा दोरा, गार तळवा. ते तिने घट्ट धरलं. आणि त्याच वेळी तिच्या पाठीला सीटमधून एक धक्का बसला. मग आणखी एक. बारीक, आळसावलेले, झोपेत पाय झाडावेत तसे.

रबरं नवी होती. आरसा स्थिर होता.

तिने आरसा खाली वळवला नाही. तो वळवायला उजवा हात स्टिअरिंगवरून काढावा लागला असता, हे कारण तिला पुरेसं वाटलं. तिने मनात उदाहरण सोडवायला घेतलं: मोकळ्या डब्यात हवेचं स्पंदन, डब्याची लांबी अमुक, तर वारंवारिता किती? उत्तर श्वासाएवढं येईना. डब्याची लांबी तिने बदलून पाहिली. तरी येईना.

मुकटी गावच्या रसवंतीपाशी तिने गाडी सावलीला घेतली. चरक फिरत होता, दोन ट्रकवाले रस पीत होते, एका बाकावर कुत्रं झोपलं होतं. दिवसाढवळ्या, माणसांत. इथे तिने ठरवलं, आता निकाल लावायचा. श्वास इंजिनाचा असेल तर इंजिनासोबत थांबेल.

ती सीटवर पूर्ण मागे वळून बसली, ठमीच्या चेहऱ्याकडे तोंड करून. हात मागे नेऊन चाचपत चावी शोधली. आणि गाडी बंद केली.

थडथड थांबली. दुसरा श्वासही थांबला. तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

मग हुंदका आला. आधी तो येतो ना, झोपमोड झालेल्या लेकराचा, रडं अजून सापडलेलं नसतं तेव्हाचा, ओठ काढून घेतलेला. मग दुसरा. मग रडं फुटलं.

ठमी समोर झोपली होती. अंगठा तोंडात होता. ओठ अंगठ्याभोवती घट्ट मिटलेले होते.

रडं उजवीकडून येत होतं. सीट रिकामी होती, त्यावर फक्त ससा पडला होता; आणि सशाशेजारी, सीटच्या कापडात, एक लहानसा खळगा होता. तिच्या डोळ्यांसमोर तो थोडा रुंद झाला.

त्यानंतर हेमांगीने जे केलं ते तिने विचार करून केलं नाही. गाडी आल्यापासून तिचा हात हेच करत आला होता. बाळ रडलं, हात चावीकडे गेला. पिवळा दिवा लागला. "ओ ओ ओ," ती म्हणत होती, आपल्याच तोंडून ते ऐकत होती, "झालं झालं, आत्ता, आत्ता हं." दिवा आपला वेळ घेत होता. रसवंतीवाला चरक थांबवून तिच्याकडे बघायला लागला, म्हणजे त्यालाही ऐकू येत असावं. पण गाडीत लहान मूल दिसतंय म्हटल्यावर तो पुन्हा कामाला लागला. दिवा विझला. तिने स्टार्टर मारला.

रडं दोन हुंदक्यांत निवलं. मग श्वास आला. शिट्टी नसलेला.

आपण त्याला झोपवलं, हे तिच्या हातांना आधी कळलं. ते चावीवरून पटकन मागे आले.

आणि मग तिला ते सगळे शुक्रवार आठवले, चावी फिरवली की पाठीमागे फुटणारं रडं, आणि दार उघडल्यावर डोळे चोळणारी ठमी. कोरड्या डोळ्यांची.

६

ठमीला तिथेच का नाही उचललं, असं नंतर कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर होतं. मुकटीला उन्हात, लेकरू कडेवर घेऊन, ती कुणाला काय सांगणार होती? आणि गाडी चालू ठेवून तिथे सोडणार कशी होती? आणि बंद कशी करणार होती? त्यापेक्षा धुळं जवळ होतं. तिने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला, डावा ठमीच्या पावलावर, आणि गिअरपुरताच तो काढत फागणे गावावरून गाडी हळू, अगदी हळू नेली. खड्डे चुकवले. गतिरोधकांवर तर गाडी जवळजवळ उचलूनच धरली. दोन्ही श्वास शेवटपर्यंत नीट चालले होते. ठमीचा मात्र जरा बारीक होत चालला होता. शिट्टी ऐकायला तिला कान द्यावा लागत होता, आणि दुसऱ्यासाठी द्यावा लागत नव्हता.

घरासमोर लिंबाखाली तिने ब्रेक ओढला, उतरली, डावीकडचं मागचं दार उघडलं. पट्टे सोडताना तिची नजर ठमीच्या बक्कलवरच होती. दुसऱ्या बाजूला बघायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. ठमीला खांद्यावर घेतलं. अंग गार. गालावर फुंकर घातली, पाठ चोळली, उन्हात आणून उभी राहिली. "ठमे. ए ठमे. ऊठ ना गं."

ठमीने नाक उडवलं. बारीक शिट्टी वाजली. डोळे उघडले.

हेमांगीला तिथेच बसावंसं वाटलं, पण ती उभी राहिली. आया उभ्याच राहतात, त्यांना बसायला कुणी सांगत नाही.

"जपी गयती का पोर?" कुंदाबाई ओट्यावरून उतरून आल्या, नातीला काखेत घेतलं, पदराच्या गाठीतून बिस्किट काढून तिच्या हातात दिलं. "आन ती गाडी कोनासाठे चालू ठेयेल शे आता? पोर तं मन्हाजोडे शे."

स्वप्नील बनियनवर बाहेर आला. "अगं काय मस्त चालतेय! आवाजच नाही. नानांनी रबरं बदलली वाटतं." त्याने कौतुकाने टपावर थाप मारली.

"हळू," हेमांगी म्हणाली.

"काय हळू?" तो हसला आणि उघड्या खिडकीतून चावीकडे हात घातला.

तिने त्याचं मनगट धरलं. "नको. स्वप्नील, नको. झोपलंय."

"कोण झोपलंय? ठमी इकडे आहे." त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तोच चेहरा, डॉक्टरांचा. "हेमा, तू आत जा, आडवी हो जरा. गाडी मी लावतो." आणि तिची बोटं हळूच सोडवून त्याने चावी फिरवली.

गल्ली एकदम शांत झाली. लिंबावर एक कावळा होता, तोही गप्प.

मग रडं आलं.

कुंदाबाईंनी नातीला खांद्यावर घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली. इतकी वर्षं पोरं वाढवलेला हात तो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. "ओ ओ, रडू नही माय, कोनी मारं मन्ही बाईले?" थोपटता थोपटता त्यांनी ठमीचं तोंड बघायला मान वळवली. ठमीच्या तोंडात बिस्किट होतं. ती ते चोखत होती आणि गाडीकडे बघत होती.

कुंदाबाईंचा हात ठमीच्या पाठीवर तसाच थांबला.

स्वप्नील खिडकीपासून मागे सरला. गाडीत मागे, उजव्या काचेच्या आतून, खालच्या बाजूला, वाफेचा एक ठिपका उमटला होता, तळहाताएवढा. तो विरला. रडं वाढलं तसा पुन्हा उमटला.

७

शेवटी कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं, आणि अशा वेळी ते कुणी करायचं हे घराघरात ठरलेलं असतं.

हेमांगी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दार हळू लावलं. चावी अर्धी फिरवली आणि पिवळ्या दिव्याकडे बघत बसली. पाठीला धक्के बसत होते, आता आळसावलेले नाहीत, चांगले दोन्ही पायांचे. ती फार दमली होती. घाबरलेली होती हे खरं, पण त्या भीतीच्या खाली तोच जुना थकवा होता, बाळंतपणापासूनचा, आणि त्याला या रडण्यात नवीन काहीच वाटत नव्हतं.

"आत्ता, आत्ता," ती म्हणाली. दिवा विझला.

गाडी सुरू झाली, नव्या रबरांवर, बिनआवाजी. रडं लगेच थांबेना. उभ्या गाडीत आता हलवणारं काहीच उरलं नव्हतं. ते तिनेच काढून घेतलं होतं. चालवावी लागणार होती.

"ठमीला आत न्या," तिने खिडकीतून सांगितलं. आवाज नेहमीचा निघाला. "या गाडीत पुन्हा बसवायचं नाही तिला. मी जरा एक चक्कर मारून येते. झोपलं की येते."

"हेमा, उतर," स्वप्नील म्हणाला. पण तो पुढे आला नाही.

गाडी हलली तशी ठमीने आजीच्या खांद्यावरून हात काढला आणि बिस्किटाचा टाटा केला. आईला नाही. आईच्या मागच्या काचेला.

देवपूरचा पूल येईपर्यंत हुंदके विरळ झाले. पुलावर ते थांबले. श्वास सुरू झाला, संथ, ओलसर, आणि आत घेताना त्यात आता अगदी बारीक अशी शिट्टी होती. नवीनच शिकलेली. हेमांगीने आरशाकडे बघितलं नाही. तिने डिझेलच्या काट्याकडे बघितलं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. तिला बरं वाटलं.